बारमाही

एक वर्ष असं होतं की बाबा मला लाडानं 'बारमाही' म्हणायचे. कुणी पाहुणा आला, वाडी बघायला उभा राहिला, की त्याला पानमळ्याच्या कुंपणापाशी नेऊन सांगायचे, "ही बघा आमची बारमाही. नागवेल एक बारमाही आणि ही एक." मला ते ऐकून छाती फुगवून उभं राहावंसं वाटायचं. आता हसू येतं, पण ते पुरं होत नाही. कारण त्या नावाचा खरा अर्थ ज्या दिवशी बाबांना कळला, त्या दिवसानंतर त्यांनी ते नाव पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही.

आमचं गाव माहीम-केळव्याच्या पट्ट्यातलं. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला पालघर, आणि मधे नारळी, केळी, पांगारा आणि त्यांच्या सावलीत पानवेली. घरामागे वाडी आणि वाडीच्या पोटात पानमळा, चहूबाजूंनी झावळ्यांनी शाकारलेला. आत शिरलं की बाहेरचा वारा बंद व्हायचा आणि ओल्या मातीचा, पानाचा तिखटसर वास नाकात बसायचा. सकाळी पाट सोडला की पाणी वाफ्यावाफ्यातून बोलत जायचं. बाबा आंघोळ केल्याशिवाय मळ्यात जात नसत. चपला बाहेर. मोठ्यानं बोलायचं नाही, थुंकायचं नाही. आणि बाईमाणूस बाहेर बसलेलं असेल तर तिनं चार दिवस मळ्याच्या कुंपणालाही हात लावायचा नाही. सावली पडली तरी वेल जळते, असं सगळा गाव मानायचा. जळलेली वेल कुणी पाहिली होती का, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. मीही नाही. घरात स्वयंपाक चालायचा, धुणीभांडी चालायची, फक्त देव आणि पानमळा एवढ्या दोन ठिकाणी बंदी. आई हसून म्हणायची, "देवाला एकवेळ चालंल, पण वेलीला नाय चालायचं."

पानं खुडणं हे नाजूक काम. उजव्या अंगठ्याला पत्र्याचं नख बसवायचं आणि देठ कट्‌कन तोडायचा, वेल हलता कामा नये. माझ्या लहानपणी खुडायला गावातल्या पाच-सहा बायका यायच्या, गप्पांचा नुसता गलका. पुढे बोईसरला कंपन्या वाढल्या आणि त्या एकेक करून कुंभवलीच्या बाजूला पॅकिंगला जायला लागल्या. त्यांना दोष नाही, तिथं डोक्यावर छप्पर होतं आणि महिन्याला ठरलेला पगार होता. पण मळ्यात उरलो आम्ही तिघं. बाबा, आई आणि मी. त्यात आई महिन्याचे चार दिवस बाहेर, मी चार दिवस बाहेर, आणि पान काही आमच्यासाठी थांबत नाही. जून झालं की कडक होतं, मग करंडीत घालायच्या लायकीचं राहत नाही.

त्या सुमारास मला पोलीस व्हायचं होतं. का, ते विचारू नका. कुणाला मास्तरीण व्हायचं असतं, मला खाकी घालायची होती. पालघरच्या कॉलेजात माझ्या पुढच्या वर्गातली एक मुलगी भरती झाली, ती टोपी घालून बाजारातून चालली होती तेव्हा भाजीवाल्यानं आपणहून बाजूला सरून वाट दिली. तेवढं मला पुरलं. भरतीत धावण्याची चाचणी महत्त्वाची, म्हणून मी धावायला लागले. आमच्याकडे मैदान म्हणजे समुद्र. ओहोटी लागली की ओली वाळू टणक होते, तिच्यावर मैलभर सरळ पळता येतं. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, तशी माझीही सरकायची. कधी पहाटे, कधी कॉलेजातून आल्यावर भर उन्हात. नवापूरकडच्या कोळणी वाटेत भेटायच्या, डोक्यावर टोपल्या, त्या ओरडून विचारायच्या, "कोण मागं लागलाय गो तुझ्या?"

पालघरला मैदानावर एक निवृत्त सुभेदार भरतीच्या पोरांना शिकवायचे. आठवड्यातून दोनदा मी त्यांच्याकडे जायची. माणूस चांगला, शब्दाचा धारदार. एकदा मी शर्यतीत तिसरी आले तेव्हा म्हणाले, "पाय चांगले आहेत, पण अंगावर चरबी आहे. चरबी म्हणजे पाठीवर धोंडा. उतरव तो." बास. त्यांनी ते वाक्य बहुधा पन्नास पोरांना सांगितलं असेल आणि विसरूनही गेले असतील. मी नाही विसरले. मी त्या धोंड्याच्या मागे हात धुऊन लागले.

सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. आई म्हणाली, पोर देवाधर्माला लागली. देवाचं नाव पुढे, बाकी सगळा कारभार माझा. उरलेल्या दिवशी तांदळाची भाकरी अर्धी खायची आणि अर्धी पदराआड करून परसात कोंबड्यांना टाकायची. सुकटीच्या कालवणात तेल दिसलं की ताट कलतं करून निथळायचं. पालघर स्टेशनवर वजनाचं मशीन होतं, लाल-पिवळे दिवे लुकलुकायचे, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला हिंदीत भविष्य. दर आठवड्याला मी ते तिकीट घ्यायची. वजन उतरत गेलं आणि भविष्य मात्र दर वेळी उज्ज्वल. ती तिकिटं मी उशीच्या खोळीत जपून ठेवली होती. पोटात खड्डा पडलेला असायचा आणि मला वाटायचं, वा, काय निश्चय आहे माझा.

आणि धावायची मी वाऱ्यासारखी, हेही खरं. पहिले काही महिने. सुभेदार पाठ थोपटायचे.

दिवाळीनंतर माझी पाळी आली नाही. पहिल्या महिन्यात लक्ष गेलं नाही. दुसऱ्या महिन्यात गेलं, आणि मनाशी म्हटलं, बरं झालं, कटकट गेली. ओहोटीच्या वेळा आणि त्या दिवसांच्या वेळा सांभाळताना जीव मेटाकुटीला यायचा. तिसऱ्या महिन्यात आईच्या ध्यानात आलं. ती खवणीवर नारळ खवत होती, मी समोर बसले होते. खोबऱ्याचा चव ताटलीत पडत होता आणि आई वर न बघता म्हणाली, "गो बाय, एक विचारीन. खरं सांगशील?"

"काय?"

"कुठं काय झालं नाय ना?"

मला एवढा राग आला की मी उठून उभी राहिले. आई पण उठली. माझा दंड धरून मला वाडीत घेऊन गेली, पानमळ्याच्या दारात उभं केलं. "वेलीवर हात ठेव आन् सांग." मी ठेवला. म्हटलं, "आई, शपथ. असलं काही नाही." तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ, मग मला कवटाळलं आणि रडली. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. इतकं उतरलं की मग पाळी का येत नाही, हा मूळ प्रश्न विचारायचा ती विसरूनच गेली. आणि एक गोष्ट आम्हा दोघींच्याही लक्षात आली नाही. मी बाहेर बसलेली नाही याची खात्री असल्याशिवाय आई माझा हात वेलीला लावू देईल का? तिनं ते गृहीतच धरलं होतं.

बाबांना यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. बाप लोकांना अशा गोष्टी थेट कळत नसत. त्यांना एवढंच दिसायचं की पोरगी रोज सकाळी आंघोळ करून, अंगठ्याला नख लावून मळ्यात हजर. महिने गेले, एक दिवस खाडा नाही. आईचे चार दिवस असले तरी बारमाही आहेच. बाबांच्या पाठीवरचा भार हलका झाला होता, आणि ते बघून मला दुप्पट हुरूप यायचा. घरातल्या सगळ्यांना माझ्या अंगातलं काहीतरी बंद पडल्याचा फायदा होत होता, म्हणून कुणालाच ते बंद पडल्यासारखं वाटलं नाही. कोंबड्यांचं मात्र बरं चाललं होतं. माझी अर्धी भाकरी खाऊन त्या गोल झाल्या होत्या आणि न चुकता अंडी घालत होत्या. डोळ्यांसमोर होतं सगळं, पण दिसायला नजर लागते.

मग केस गळायला लागले. उन्हातही हात गार. रात्री झोप नाही, दिवसा चिडचिड. धावताना उजव्या नडगीत कळ यायची, मी हळद-तुरटीचा लेप लावून पुन्हा पळायची. भरतीची जाहिरात निघाली, अर्ज भरला, चाचणीला महिना राहिला, आणि एका सकाळी ओल्या वाळूवर पाय टेकला तो टेकवेना. बसकण मारली ती उठताच येईना. त्याच कोळणींपैकी एकीनं टोपली खाली ठेवली, मला खांद्याचा आधार देऊन घरापर्यंत आणलं. पालघरच्या हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला. नडगीच्या हाडाला केसाएवढी बारीक चीर. म्हणाले, पडली नाही, धडपडली नाही, या वयात हाडाला अशी चीर जायला नको. बोईसरला एक बाई डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा.

बोईसरला बाबाच घेऊन गेले, कारण मला धरून चढवणं-उतरवणं आईला झेपलं नसतं; मळ्याचं काय ते त्यांनी पहाटेच उरकलं. कुबडी काखेत, टमटमीत दाटीवाटीनं बसलो. तारापूरच्या बाजूनं तो औषधासारखा उग्र वास यायला लागला की बोईसर आलं समजायचं. पहिली पाळी सुटली होती, निळ्या कपड्यातले कामगार हिंदीत बोलत चहाच्या गाड्यांवर उभे होते. कारखान्याच्या पाळीलाही पाळीच म्हणतात, हे तेव्हा सुचलं नाही, आज लिहिताना सुचलं. दवाखाना वरच्या मजल्यावर. बाई पन्नाशीच्या आत, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज खणखणीत. आम्ही बापलेक समोर बसलो.

त्यांनी खाणंपिणं विचारलं, मी थापा मारल्या. धावणं विचारलं, ते खरं सांगितलं. मग विचारलं, "पाळी वेळेवर येते?"

बाबांसमोर हा शब्द. माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. म्हटलं, "हो. दर महिन्याला."

आणि बाबा, माझे भोळे बाबा, जे आतापर्यंत टोपी गुडघ्यावर ठेवून गप्प बसले होते, त्यांना वाटलं की पोरीचं कौतुक सांगायची हीच वेळ. "नाय हो बाई," ते म्हणाले, "ती लाजते. माझी पोर लई गुणाची हाय. आमचा पानमळा हाय, बाहेर बसलेली बाई आत चालत नाय. पण ही दिवाळीपासनं एक दिवस बाहेर राह्यली नाय. दिवाळीपासनं! आमी तिला बारमाही म्हणतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा डोळ्यांवर घेतला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, श्रावण चालू होता. मग त्यांनी बाबांकडे बघितलं, रागानं नाही, आणि अगदी हळू विचारलं, "काका, तुम्ही आत्ता काय सांगितलंत ते तुमच्या लक्षात आलं का?"

बाबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. ते हळूहळू कसं उतरलं ते मी बघितलं. तेवढं बघायला लागू नये म्हणून मी आणखी दहा हाडं मोडून घेतली असती. त्यांनी टोपी गुडघ्यावरून उचलली, हातात गोल फिरवली, पुन्हा ठेवली. "म्हंजे," ते म्हणाले, "माझ्या तोंडासमोर होतं म्हणा की."

मग तपासण्या झाल्या, रक्त झालं, पोटाचा फोटो झाला. दोन-तीन खेपा झाल्या. बाकी काही दोष निघाला नाही. शेवटच्या खेपेला बाईंनी आम्हा दोघांना बसवून घेतलं. मला वाटलं होतं आता बोलणी बसणार. त्यांनी मला सोडून बाबांनाच प्रश्न घातला, "काका, मळ्याला पाणी कमी पडलं तर वेल पहिलं काय बंद करते?"

बाबांनी विचारसुद्धा केला नाही. "नवी फूट. हाय ती पानं जगवते, नवं धरत नाय."

"तुमच्या मुलीच्या शरीरानं तेच केलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही, आणि त्या भाषेतच पुढे शेकडो पोरींना सांगितलं. म्हणाल्या, चरबी म्हणजे अंगावरचा कचरा नाही. ती कोठार आहे, आणि नुसतं कोठार नाही, ती निरोप पाठवते. तिच्यातून एक रस रक्तात उतरतो, लेप्टिन त्याचं नाव, शास्त्रज्ञांना तो अलीकडेच सापडलाय. तो डोक्यापर्यंत जातो आणि सांगतो की घरात साठा आहे, काळजी नको. साठा आहे कळलं की मेंदू अंडाशयाला कामाचा हुकूम देतो, मग पाळी येते, मग बाईचं शरीर पोर धरायला तयार राहतं. चरबी फारच आटली, वर रोजची दौड आणि उपास, की निरोप जायचा थांबतो. मेंदू समजतो बाहेर दुष्काळ पडलाय. तो शहाणा आहे, दुष्काळात कुणी घरात पाहुणा बोलावत नाही. हुकूम बंद. आणि जे रस पाळी चालवतात तेच हाडं भरीव ठेवतात, म्हणून ही चीर. "तू निश्चय केलास ना," बाई मला म्हणाल्या, "तो तुझ्या शरीरानं खरा मानला. बिचाऱ्यानं तुझ्यावर विश्वास ठेवला."

मी विचारलं, "परत येईल?"

हाच एक प्रश्न मला त्या दिवसांत झोपू देत नव्हता. भरती गेली होती, ते कळून चुकलं होतं. पण पाळी गेली ती गेलीच, मला कधी मूल होणार नाही, अठराव्या वर्षीच मी म्हातारी झाले, असं मनानं घेतलं होतं. नकोशी वाटणारी कटकट, तिच्यासाठी मी आता रोज देवाला हात जोडत होते, आणि या वेळी उपास न धरता.

"येईल असं मला वाटतं," बाई म्हणाल्या. "गोळी देऊन उद्या आणू शकते. पण ती माझ्या गोळीची असेल, तुझी नसेल. तू पोटभर जेव, पाय बरा होईपर्यंत धावू नकोस, आणि धीर धर. शरीराला एकदा फसवलंस, आता त्याची खात्री पटायला वेळ लागणार."

परतताना बाबा बोईसर स्टेशनच्या बाहेर गाडीवर थांबले, दोन वडापाव घेतले, दोन्ही माझ्या हातात दिले. "खा." मी एक त्यांच्यापुढे केला. "दोनी खा," म्हणाले, आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत माझ्याकडे बघत उभे राहिले. भोवती माणसांचा लोंढा वाहत होता, ते हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं आंघोळ करून लंगडत मळ्याकडे निघाले. पाय दुखला तरी एका जागी बसून खालची पानं खुडता आली असती. बाबा दारात आडवे उभे. म्हणाले, "तू बाहेर बसल्याबिगर या मळ्यात यायचं नाय."

आई मागून येत होती, तिच्या हातातली करंडीच पडली. "उफराटं काय बोलता? बाहेर बसली की यायचं नाय, असं म्हणा."

"मी बोललो ते बरोबर बोललो," बाबा म्हणाले.

त्यानंतरचे महिने मी जेवले. ऐकायला सोपं वाटतं, पण माझ्यासारख्या पोरीला ते धावण्यापेक्षा जड होतं. पहिल्या महिन्यात पूर्ण भाकरी खाल्ली की मला अंगावर धोंडा चढल्यासारखं वाटायचं, मी न्हाणीत जाऊन रडायची. आईनं कंबर कसली. अळिवाचे लाडू झाले, वालाचं बिरडं झालं, ताजे बोंबील तव्यावर, सुके बोंबील निखाऱ्यावर. थंडी पडल्यावर वाडीत उकडहंडी लागली, मडक्यात कोनफळ, रताळी, वालपापडी, आणि मडक्याचं तोंड उघडल्यावर जो वास सुटला त्यापुढे माझा निश्चय टिकला नाही. त्या दिवशी मी मागून घेतलं, पुन्हा मागून घेतलं. आईनं तोंड वळवून डोळे पुसले. बाबांनी आयुष्यात कधी कुणाला वाढलं नव्हतं, ताटावर बसायचं आणि उठायचं एवढंच माहीत. ते आता माझ्या पाटाशेजारी बसायचे आणि स्वतःच्या हातानं भात घालायचे. वाढायची सवय नाही, म्हणून डोंगर घालायचे. "आनखी एक घास. माझ्यासाठी." उशीच्या खोळीतली ती तिकिटं मी एक दिवस चुलीत टाकली. स्टेशनवरच्या मशीनसमोरून जाताना मात्र बरेच दिवस मान फिरवून जावं लागायचं.

मळ्यात आई आणि बाबा दोघंच. आईचे चार दिवस आले की बाबा एकटे. कुंपणाबाहेर बसून मी पानं निवडायची, गड्ड्या बांधायची, आणि झावळ्यांच्या फटीतून बघायची. ऊन चढायचं, बाबांचा अर्धा मळा तसाच राहायचा. पानं जून होऊन फुकट जायची. एकदा मी म्हटलं, "बाबा, येऊ द्या ना आत. कुणाचं काय बिघडतंय?" ते आतून म्हणाले, "माझंच बिघडलं होतं गो बाय. बैस तिथंच."

आता ही मधेच आजची गोष्ट सांगते, नाहीतर राहून जाईल. पुढल्या भरतीला मी उतरले, आधीपेक्षा आठ किलो जास्त घेऊन धावले आणि निवडली गेले. खाकी घातली. आता कोळगावला जिल्ह्याच्या मुख्यालयात बसते, केस पांढरे झालेत आणि भरतीच्या पोरी मला मॅडम म्हणतात. मैदानावर उभ्या असल्या की मी त्यांची उंची बघायच्या आधी कानात एक प्रश्न विचारते. त्या लाजतात. मी म्हणते, लाजू नका, माझ्या बापाला सांगावं लागलं होतं, तुम्हाला तर मलाच सांगायचंय. आणि माझी लेक, हो, मला लेक झाली, ती कुंभवलीला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिची तऱ्हा उलटी. अंगानं भरली आणि पाळी तीन-तीन महिने गायब. तिच्या डॉक्टरनं सांगितलं, चरबी वाढली की तिचा निरोपांचा गोंगाट इतका होतो की मेंदू ऐकेनासा होतो, आणि तीच चरबी अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचा दुसरा एक चांगला रस कमी सोडते, मग साखर बिघडते, अंडाशय रुसतो. लेक म्हणाली, "आई, तुझी चरबी गप्प बसली होती, माझी बडबडतेय." मी म्हटलं, "माझ्यावर गेली नाहीस, आजीवर गेलीस." संध्याकाळी दोघी समुद्रावर चालायला जातो. ती उपाशी राहणार नाही हे मी बघते, आणि मी तिला जास्त बोलणार नाही हे ती बघते. दोन महिने झाले, तिचं गाडं रुळावर येतंय. माझी स्वतःची पाळी गेल्या वर्षी कायमची थांबली. या वेळी वयानं थांबली. तिला मी नीट निरोप दिला.

तर मी कुंपणाबाहेर होते. श्रावण गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. पाय बरा झाला, बाईंनी थोडं थोडं धावायला परवानगी दिली. केस गळायचे थांबले. हात गरम राहायला लागले. शिमग्याला पंधरा दिवस असतील, सकाळी मी न्हाणीत गेले आणि तिथंच थबकले. दोनदा बघितलं. मग चुलीपाशी आले. आई राखेनं भांडी घासत होती. मी नुसती उभी राहिले, आणि आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. राखेचे हात तसेच तिनं माझ्या गालांना लावले. मग म्हणाली, "जा. बाबांना सांग."

"मी सांगू?"

"तूच सांग. वाट बघून बघून माणूस वाळून गेलं."

मी वाडीतून निघाले. ओटीपोटात ती जुनी ओळखीची ओढ. पानमळ्याच्या दाराशी, कुंपणापासून चार हात लांब, लहानपणापासून शिकवलं होतं तेवढ्या अंतरावर मी उभी राहिले. आई मागे वाटेवर थांबली. बाबा आत एकटेच होते, पाठमोरे, पाटाचं पाणी चालू होतं आणि नखाचा कट्‌कट् आवाज येत होता.

"बाबा," मी म्हटलं. "मी बाहेर बसले."

कट्‌कट् थांबली. ते वळले. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांची नजर वेलींवर गेली, ओळीओळीनं, त्यांच्या बापानं लावलेल्या, बोलताना आवाज चढू न देता जपलेल्या. मला वाटलं आता ते डोळे पुसतील आणि म्हणतील, जा, घरात जाऊन पड. त्यांनी अंगठ्यावरचं पत्र्याचं नख काढलं आणि दाराबाहेर हात करून माझ्यापुढे धरलं.

"मग आत ये," म्हणाले.

"बाबा, वेल..."

"वेलीचं वेल बघंल. मी बोललो होतो ना, बाहेर बसलीस की यायचं. ये."

मी मागे वळून आईकडे बघितलं. ती राखेच्या हातानं पदर तोंडाशी धरून उभी होती, आणि तिनं मान हलवली, जा म्हणून.

मी चपला काढल्या आणि आत गेले.